तंबाखू महागली तरी खाणारा खातोच, हे कितपत खरे?

“तंबाखूवरचा कर वाढवून कोणाचेही व्यसन सुटत नाही, गरिबाचा खिसा तेवढा रिकामा होतो,” असा मजकूर अनेक वर्षे फिरत आहे.

ज्याने घरातल्या माणसाला तलफ आल्यावर कासावीस होताना पाहिले आहे, त्याला हे पटणे स्वाभाविक आहे. परंतु किंमत दहा टक्क्यांनी वाढली की आपल्यासारख्या देशांत तंबाखूचा एकूण खप साधारण पाच टक्क्यांनी घटतो, असे अनेक अभ्यासांतून दिसले आहे. काही जण सोडतात, काही कमी करतात आणि हाती मोजके पैसे असलेली पोरे सुरुवातच करत नाहीत. ही घट गरीब घरांत सहसा अधिक असते. मात्र तंबाखूच्या सगळ्याच वस्तू एकदम महागायला हव्यात, नाहीतर सिगारेट सोडणारा बिडीकडे वळतो.

सवलतीचेही तसेच आहे. एकावर एक फुकट मिळाले, तर वाढलेला कर ग्राहकाला जाणवतच नाही. म्हणूनच न्यूयॉर्क शहराने २०१३ मध्ये कायदा करून सिगारेटवरील सवलतींना मनाई केली आणि किमान किंमतही ठरवली.

पडताळणी घरीच होते. जालना असो वा बीड, टपरीवरून आणलेल्या पुडीवरची किंमत, वजन आणि तारीख चुन्याच्या डबीशेजारी टांगलेल्या कॅलेंडरवर लिहीत जावे. किंमत तीच राहून वजन घटले असेल, तर तीही दरवाढच होय. दरवाढीआधीच्या आणि नंतरच्या महिन्यातील पुड्या मोजाव्यात. एका घराच्या आकड्यावर न थांबता गल्लीतली दहा घरे पाहावीत.