मातीचे ॲक्वेरियम : नव्या टाकीतील बिघाड (ग्रामीण विदर्भ)

मातीचे ॲक्वेरियम म्हणजे काचेच्या टाकीच्या तळाशी साध्या मातीचा थर, त्यावर रेतीचे पांघरूण आणि त्यात मुळे धरणाऱ्या पाणवनस्पती व थोडे मासे अशी गोड्या पाण्याची मांडणी. बाजारात मिळणारा दाणेदार सबस्ट्रेट (तळाला पसरायचे तयार माध्यम), कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर आणि मोठा फिल्टर यांचे काम इथे माती, मुळे आणि जिवाणू करतात. अमेरिकेतील डायना वॉल्स्टॅड यांनी १९९९ मध्ये या पद्धतीची शास्त्रीय मांडणी केली, तेव्हापासून ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. विदर्भातल्या खेड्यात तिची ओढ साध्या कारणांनी आहे. माती फुकट मिळते आणि दुपारची लाईन गेली तरी टाकीचा श्वास लगेच कोंडत नाही.

या पद्धतीच्या छापील कृती बहुतेक वेळा कुंडीत भरायच्या, सेंद्रिय, किंचित आम्लधर्मी मातीला धरून लिहिलेल्या असतात. विदर्भात हाताशी असते ती बेसाल्ट झिजून झालेली काळी, चिकण, अल्कधर्मी माती. म्हणून पहिल्या दोन महिन्यांत दिसणारी लक्षणे तीच असली तरी कारणे पुष्कळदा निराळी निघतात. गढूळपणा, बुडबुडे, कुजणारी पाने, पृष्ठभागावर तोंड काढणारे मासे या चारही तक्रारींचे मूळ शोधायचे तर आधी माती कुठून आणली हे विचारावे लागते.

माती

काळ्या मातीतील स्मेक्टाइट गटाची खनिजे पाणी पिऊन फुगतात आणि वाळली की आकसतात. मे महिन्यात वावरात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. टाकीत हाच गुण उलट्या बाजूने त्रास देतो. थर फुगतो, लोण्यासारखा मऊ होतो आणि वर टाकलेली जाड गिट्टी त्यात रुतून बसते. आठवड्याभरात रेतीवर काळे डाग दिसू लागले तर पांघरूण फाटले असे समजावे. यावर सोपा उपाय म्हणजे नुसती काळी माती न वापरता तिच्यात निम्मी धुतलेली रेती किंवा चाळलेली तांबडी माती मिसळणे, थर अडीच सेंटिमीटरच्या आत ठेवणे आणि त्यावर तेवढाच बारीक रेतीचा थर देणे. भंडारा-गोंदियाकडे हे काम हलके होते. तिथे कन्हार, मोरांड, सिहार, खरडी अशी मातीची नावे धानाच्या शेतकऱ्याच्या तोंडी असतात आणि रेतीमिश्रित सिहार मिसळायला आयती सापडते.

पऱ्हाटीच्या वावरातली माती घेऊ नये. कपाशीवर फवारलेल्या औषधांचा, त्यातही सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटाचा, अंश माशांना अगदी कमी मात्रेत मारतो. युरिया आणि डीएपीचे उरलेले दाणे वेगळेच. बांधावरची, म्हणजे धुऱ्यावरची, बरीच वर्षे न नांगरलेली माती त्यापेक्षा बरी, मात्र धुऱ्यावर तणनाशक मारले नाही याची खात्री हवी. धरणातून काढून आणलेला गाळही चालतो. तो ओला असतानाच टाकीत घालण्याची घाई मात्र नडते, कारण त्यात जळवा आणि चतुराच्या अळ्या येतात, आणि या अळ्या लहान मासे खातात.

चुनखडीचे पांढरे खडे चाळताना वेचून काढावेत. मुठीएवढ्या मातीवर लिंबू किंवा व्हिनेगर टाकून फसफसले तर चुना भरपूर आहे. घरात मृदा आरोग्य पत्रिका (माती तपासणीचा सरकारी अहवाल) असेल तर तीही पाहावी. तिच्यात सामू (पीएच), विद्युत वाहकता, सेंद्रिय कर्ब आणि लोह, जस्त यांसारखी सूक्ष्मद्रव्ये मिळून १२ बाबी नोंदलेल्या असतात. ती पत्रिका खतासाठी दिलेली असली तरी टाकीसाठी कोणत्या गटातली माती उचलावी हे त्यावरून ठरवता येते.

एका बाबतीत विदर्भाचे ऊन टाकीवाल्याच्या बाजूचे आहे. माती भिजवायची, वरचे पाणी ओतून द्यायचे, गच्चीवर ताडपत्रीवर पसरून कडक वाळवायची, ढेकळे फोडायची, पुन्हा भिजवायची, असे तीन-चार फेरे केले की सेंद्रिय भाग बराच कुजून संपतो आणि विरघळणारे क्षार निघून जातात. थंड प्रदेशात याला महिना लागतो. एप्रिलमध्ये अकोल्यात आठवडा पुरतो. ही पायरी वगळणे हे नव्या टाकीतील निम्म्या बिघाडांचे कारण असावे.

गढूळ पाणी

गढूळपणा तीन प्रकारचा असतो आणि तो ओळखायला किटपेक्षा दिनदर्शिका जास्त उपयोगी पडते. पाणी भरल्या दिवसापासून राखाडी किंवा मातकट असेल तर ती माती आहे. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या सुमारास पाणी ताक सांडल्यासारखे पांढुरके झाले तर तो जिवाणूंचा बहर असतो. तो आपोआप उतरतो. त्याच्यासाठी सगळे पाणी उपसले तर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. हिरवे पाणी सहसा आणखी उशिरा येते आणि त्यामागे खिडकीतले ऊन असते. खात्री करायची असल्यास काचेचा ग्लास भरून रात्रभर हलवल्याविना ठेवावा. सकाळी तळाशी साय धरल्यासारखा गाळ आणि वर नितळ पाणी दिसले तर गढूळपणा मातीचाच.

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांच्या खारपाणपट्ट्यात मात्र ग्लासातली मातीही बसत नाही. तिथल्या चोपण मातीत सोडियम जास्त असतो. सोडियममुळे चिकणमातीचे कण एकमेकांपासून सुटे राहतात आणि दिवसेंदिवस पाण्यात तरंगतात. इथे लोक सवयीने तुरटी फिरवतात. मासे सोडण्याआधी एकदा फिरवली तर चालते, पण तुरटी पाण्याची अल्कता खाते आणि माशांच्या कल्ल्यांना बाधते. चोपण जमीन सुधारायला शेतकरी जिप्सम टाकतो, तेच तत्त्व टाकीतही लागू पडते. जिप्सममधला कॅल्शियम सोडियमची जागा घेतो, कण गोळा होऊन खाली बसतात आणि सामू चढत नाही. माती वाळवण्याच्या फेऱ्यांत एकदा जिप्समच्या पाण्याने धुतली तर पुढची कटकट उरत नाही. लोणार सरोवराकाठची माती कुणी हौसेने आणू नये. ते पाणी इतके अल्कधर्मी आहे की त्या काठच्या मातीत गोड्या पाण्याची टाकी उभी राहणार नाही.

अमोनिया

मातीतला आणि माशांच्या विष्ठेतला नायट्रोजन आधी अमोनिया होतो, मग जिवाणू त्याचे नायट्राइट आणि शेवटी नायट्रेट करतात. हे जिवाणू पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकी बसलेली नसते. पाण्यात अमोनियाची दोन रूपे असतात. एक बरेचसे निरुपद्रवी, दुसरे जहरी. २५ अंश सेल्सिअसला सामू ७ असेल तर जहरी रूपाचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते. सामू ८ झाला की ते पाच टक्क्यांच्या वर जाते आणि तापमान वाढेल तसे आणखी वाढते. विदर्भातील बोअरचे पाणी आणि काळी माती दोन्ही सामू वरच ठेवतात. म्हणून पुस्तकात ‘थोडा अमोनिया चालतो’ असे लिहिले असले तरी इथे चालत नाही.

शेणखत किंवा गांडूळखत मिसळलेल्या थरात हा धोका सर्वांत जास्त. झाडे वाढावीत म्हणून मूठभर शेणखत घालणारा माणूस शेतीच्या हिशेबाने बरोबरच असतो, पण वावरातल्या मातीला हवा लागते आणि पाऊस तिला धुऊन काढतो, टाकीला यातले काहीच मिळत नाही.

बोअरचे ताजे पाणी सोडण्यातही एक खुबी आहे. जमिनीतून नुकत्याच आलेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड जास्त आणि प्राणवायू कमी असतो. ते बादलीत रात्रभर उघडे ठेवले की वायू निघून जातो आणि सामू वर सरकतो. टाकीत अमोनिया साचलेला असताना असे चढ्या सामूचे पाणी एकदम निम्मे बदलले, तर उरलेल्या अमोनियाचा जहरी भाग वाढतो आणि मासे पाणी बदलल्यावरच मरतात. मालकाला वाटते पाणी वाईट होते. त्यापेक्षा रोज थोडे, पाचवा हिस्सा, बदलणे बरे. नळयोजनेचे पाणी असेल तर टीसीएल (ब्लीचिंग) पावडरचा क्लोरीन उडून जायला एक दिवस द्यावा. पावसाळ्यात, विहिरीत नुकतेच टीसीएल टाकले असेल तेव्हा, दोन दिवस थांबलेले चांगले.

सहा आठवडे मासे न सोडणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे आणि तो कुणालाच आवडत नाही. सोडायचेच असतील तर कठीण पाणी मानवणारे गप्पी बरे. डासांच्या अळ्या खातात म्हणून आरोग्य विभाग ते वाटत असतो, त्यामुळे प्राथमिक आरोग्य केंद्राकडे चौकशी केली तर मिळण्याची शक्यता असते. नको झालेले गप्पी तलावात मात्र सोडू नयेत.

बुडबुडे आणि वास

पाण्याखाली गेलेल्या मातीला कधी वाफसा येत नाही. तिच्यातला प्राणवायू काही दिवसांतच संपतो आणि खालच्या भागात त्याविना जगणारे जिवाणू काम सुरू करतात. त्यातून वायू तयार होऊन बुडबुडे येतात. वास नसलेले बुडबुडे हे नव्या मातीचे सामान्य लक्षण आहे, त्याने घाबरू नये. सडक्या अंड्याचा वास आला तर तो हायड्रोजन सल्फाइड असतो.

इतरत्र हा वायू तयार होत असल्याची खूण डोळ्यांना दिसते. तपकिरी माती काचेलगत काळी पडते, कारण लोहाचे सल्फाइड होते. आपली माती मुळातच काळी. तिच्यात ही खूण दिसतच नाही, त्यामुळे नाकावर भिस्त ठेवावी लागते. झाडूची एक लांब काडी घेऊन काचेपासून दोन बोटे आत, रेतीतून मातीपर्यंत हळू टोचावी. आधी दोन-तीन मोठे बुडबुडे सुटतात, मग मोहरीएवढे बारीक बुडबुडे ओळीने वर येतात. त्याच वेळी नाक पाण्याच्या पातळीशी न्यावे. काडी बाहेर काढून तिचे टोक हुंगले तरी कळते. दर आठवड्याला थोड्या थोड्या जागी असे टोचत गेले तर वायू एकदम सुटत नाही. घाबरून सगळी माती एका दिवशी उकरणे हीच खरी चूक. साचलेला सल्फाइड आणि अमोनिया एकदमच पाण्यात येतात.

कायमचा इलाज मुळांमध्ये आहे. चिखलणी केलेल्या बांधीत धान कसे जगते? त्याच्या खोडातून मुळापर्यंत हवेच्या नळ्या गेलेल्या असतात आणि मुळांभोवती थोडा प्राणवायू झिरपतो. व्हॅलिस्नेरियासारख्या मुळे धरणाऱ्या पाणवनस्पती हेच करतात. म्हणून पहिल्याच दिवशी टाकीचा तळ दाट लावावा. चार काड्या रोवून त्या पसरण्याची वाट पाहिली तर तोवर माती सडते.

पाने, शेवाळ

नवीन झाडांची जुनी पाने पारदर्शक होऊन विरघळणे हे बहुधा रोगाचे लक्षण नसते. नर्सरीत ही झाडे पाण्याबाहेर वाढवलेली असतात. पाण्याखाली आली की हवेतली पाने टाकून नवी काढतात. गड्डा किंवा खोड कडक असेल तर दोन-तीन आठवडे हात लावू नये.

कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या राहिल्या तर ते मोर्शी, वरूड, काटोलकडच्या संत्रा बागायतदाराला सांगावे लागत नाही. चुनखडीच्या जमिनीत संत्र्यालाही तेच होते, लोह असते पण झाडाला मिळत नाही. टाकीच्या मातीत प्राणवायू कमी असल्याने लोह विरघळलेल्या रूपात राहते, त्यामुळे मुळांवर जगणाऱ्या झाडांना सहसा उणीव पडत नाही. ती तरंगणाऱ्या, पाण्यातूनच अन्न घेणाऱ्या झाडांत दिसते. कृषी केंद्रातून लोह आणायचे तर ईडीडीएचए प्रकारचे चिलेट (लोह विरघळलेले धरून ठेवणारे संयुग) मागावे, ईडीटीएचे अल्कधर्मी पाण्यात टिकत नाही. तांबे असलेले मिश्र सूक्ष्मद्रव्य टाकीत नको, गोगलगाई आणि झिंगे मरतात.

शेवाळ पहिल्या महिन्यात येणारच. दिवा सहा-सात तासांवर आणावा, खिडकीला पडदा लावावा, पृष्ठभागावर तरंगत्या वनस्पती सोडाव्यात. जनावरांसाठी ॲझोला लावलेली असते म्हणून बरेच जण तीच सोडतात. ती सावली चांगली देते, पण हवेतला नायट्रोजन स्वतःच बांधत असल्याने अमोनिया उचलण्याच्या कामी डकवीड या बारीक तरंगत्या वनस्पतीएवढी भरवशाची नाही. जलकुंभी घरात आणूच नये आणि टाकीतून उपसलेले काहीही बोडीत (शेतालगतच्या लहान तळ्यात) किंवा मामा (माजी मालगुजारी) तलावात टाकू नये.

उन्हाळा

२५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३५ अंशांना जेमतेम ७. टिनाच्या छपराखाली मे महिन्यात टाकीचे पाणी ३५ च्या पुढे सहज जाते. मासे फक्त पहाटे वर येत असतील तर कारण प्राणवायूचे आहे, कारण रात्रभर झाडेही तो वापरतात. दिवसभर वर राहत असतील तर अमोनिया किंवा नायट्राइट तपासावा.

झाकण काढून पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडला की पाणी काही अंशांनी उतरते. विदर्भाची हवा कोरडी असल्याने हा उपाय मे महिन्यात उत्तम चालतो आणि जुलैत जवळजवळ चालत नाही. लाईन गेल्यावर मग्ग्याने पाणी वीतभर उंचीवरून परत टाकीत ओतत राहणे एवढे तरी हातात असते. वाऱ्याने पाणी भराभर उडते आणि क्षार मागेच राहतात. उडालेल्या पाण्याच्या जागी बोअरचेच पाणी घातले तर कठीणपणा आठवड्यागणिक चढतो. काचेवर पाण्याच्या जुन्या पातळीशी पांढरी रेघ धरू लागली की नुसती भर घालणे थांबवून त्या जागी पावसाचे साठवलेले किंवा आरओच्या जारचे पाणी घालावे.