गॅस विहिरीतले पाणी आणि वीस टक्क्यांचा वाद

गॅस विहिरीत पाणी आणि कंडेन्सेट (वायूतून वेगळे होणारे हलके तेल) बहुधा सुरुवातीपासूनच येत असते. प्रवाह जोरात असेपर्यंत वायूच ते वर फेकतो. साठ्याचा दाब उतरला की तेच द्रव ट्युबिंगच्या (वायू वर आणणाऱ्या आतल्या नळीच्या) तळाशी साचू लागते. शंभर मीटर पाणी म्हणजे सुमारे १४२ पीएसआयचा (चौरस इंचावरील पौंड) उलटा दाब, आणि थकलेल्या विहिरीचा गळा आवळायला तेवढा पुरतो.

पूर्वीचा उपाय साधा होता. विहीर काही तास बंद ठेवायची, दाब चढू द्यायचा आणि मग पाण्यासकट सगळा वायू मोकळ्या हवेत सोडायचा. प्लंजर (नळीत वर-खाली होऊन द्रव वर ढकलणारा दट्ट्या), फेस आणणाऱ्या साबणकांड्या, बारीक ट्युबिंग, पंप ही साधनेही होती. पण ती केव्हा बसवायची हे अनुभवावर चाले. त्याला आकडा मिळाला तो १९६९ साली.

त्या वर्षीच्या अमेरिकी अभ्यासात दोन शक्यता तपासल्या गेल्या: पाणी ट्युबिंगच्या भिंतीवरच्या थरातून वर सरकते, की थेंबांच्या रूपाने वायूबरोबर जाते. विहिरींच्या नोंदी थेंबांशी अधिक जुळल्या. वायूत टिकू शकणारा सर्वांत मोठा थेंब खाली पडू नये, एवढा वेग म्हणजे क्रांतिक वेग. इथवर शुद्ध भौतिकशास्त्र आहे. पण नोंदींशी मेळ बसावा म्हणून उत्तर सरसकट २० टक्के वाढवले गेले, आणि भांडण तिथेच आहे.

त्या नोंदी मुख्यतः जास्त दाबाच्या विहिरींच्या होत्या. १९९१ मध्ये तोंडाशी ५०० पीएसआयपेक्षा कमी दाब असलेल्या विहिरी तपासल्या, तेव्हा ही वाढ अनावश्यक ठरली. २००१ मध्ये चीनमधील अभ्यासकांनी थेंब गोल नसून चपटा धरला. त्यांचा वेग मूळ सूत्राच्या जेमतेम ३८ टक्के निघाला. तिन्ही सूत्रे आजही वापरात आहेत.

फरक किरकोळ नाही. तोंडाशी १०० पीएसआय निरपेक्ष दाब आणि २.४४१ इंच आतील व्यासाची ट्युबिंग घेतली, तर वाढीव सूत्र पाण्यासाठी दिवसाला सुमारे १४,००० घनमीटर वायू मागते आणि वाढ वगळलेले ११,७०० मागते. १३,००० देणारी विहीर एका हिशेबाने आजारी, दुसऱ्याने ठणठणीत. जुन्या, कमी दाबाच्या विहिरींना वाढीव आकडा लावणे म्हणजे गरज नसताना ट्युबिंग बदलणे. १.९९५ इंची नळीत लागणारा प्रवाह एक तृतीयांशाने घटतो खरा, पण घर्षण वाढते आणि पुढे प्लंजरसाठी जागा अडचणीची होते.

सूत्रापेक्षा मोठी चूक मात्र ते लावण्याच्या जागेत होते. तळाशी दाब जास्त, म्हणून तिथे लागणारा प्रवाहही जास्त असतो. ट्युबिंगचे टोक साठ्यातून वायू आत येणाऱ्या छिद्रांच्या वर ठेवले असेल, तर खालच्या रुंद केसिंगमध्ये (विहिरीच्या बाहेरच्या नळीत) पाणी आधी साचते आणि तोंडाशी केलेला हिशेब काहीच सांगत नाही.

आडव्या विहिरी वाढल्यावर थेंबांची कल्पनाच डळमळली. प्रयोगांत भिंतीवरचा थर उलटा वाहू लागतो तेव्हा विहिरीत द्रव साचायला लागते असे दिसले. उभ्यापासून साधारण ३० ते ६० अंश कललेल्या भागात लागणारा वेग उभ्या नळीपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने जास्त भरतो.

स्वस्त उपायांत प्लंजर टिकून आहे. ढोबळ नियम असा: दर हजार फूट खोलीमागे एक बॅरल द्रव उचलायला ४०० घनफूट वायू. प्लंजर मिनिटाला ७५० ते १,००० फुटांनी वर यावा. मंद आला तर वायू बाजूने निसटतो, तेव्हा बंद ठेवण्याचा काळ वाढवतात. कोरडा आणि वेगात आला तर वरची स्प्रिंग फुटते. मग प्लंजर आल्यानंतरचा प्रवाहाचा काळ लांबवून थोडे पाणी साचू देतात. साबण पाण्यावर चांगला चालतो, कंडेन्सेट जास्त असेल तर फेस धरत नाही.

हवेत वायू सोडण्याची जुनी रीत मिथेनमुळे अडचणीत आली आहे. अमेरिकेत २०२४ च्या नियमांनी ठराविक तारखेनंतरच्या विहिरींना द्रव काढताना वायू न सोडण्याचे बंधन घातले. ते शक्य नसेल तिथे कमीत कमी वायू सोडायचा, द्रव निघताच व्हेंट (हवेत वायू सोडणारी वाट) बंद करायचा आणि विहीर पुन्हा उत्पादनावर आणायची.