एका चाव्यातले अनेक आजार : गोचीडजन्य सहसंसर्गाची पार्श्वभूमी

गोचिडाच्या एकाच चाव्यातून माणसाला दोन-तीन रोग एकदम होऊ शकतात, हे वैद्यकाच्या ध्यानात उशिरा आले, कारण हे रोग सापडत गेले ते एकेकटे. गोचीड रोग पसरवतो हे थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी अमेरिकेतील गुरांच्या तापाबाबत १८९३ मध्येच दाखवून दिले होते. त्या तापाला कारण असलेल्या बबेसिया या परजीवीच्या कुळातला संसर्ग माणसात प्रथम नोंदला गेला तो १९५७ मध्ये युगोस्लाव्हियात. रुग्णाची प्लीहा काढलेली असल्याने तो अपवादच मानला गेला. १९६९ मध्ये अमेरिकेतील नॅन्टकेट बेटावर प्लीहा शाबूत असलेला रुग्ण आढळला आणि ती समजूत मोडली.

पुढे १९७५ च्या सुमारास अमेरिकेच्या कनेटिकट राज्यातील लाइम गावाच्या परिसरात मुलांचे गुडघे सुजू लागले, आणि गावावरून या आजाराला लाइम हेच नाव पडले. कारण उलगडले १९८१ मध्ये, तेही योगायोगाने : संशोधक विली बर्गडॉर्फर शेल्टर बेटावरचे गोचीड चिरून रिकेट्सिया हे वेगळेच जिवाणू शोधत होते, आणि सूक्ष्मदर्शकाखाली गोचिडाच्या आतड्यात त्यांना दिसले ते नागमोडी जिवाणू. १९९४ मध्ये पांढऱ्या रक्तपेशींत शिरणाऱ्या आणखी एका जिवाणूची भर पडली. त्यालाच आज अनाप्लाझ्मा म्हणतात.

बबेसिया, लाइमचा जिवाणू आणि अनाप्लाझ्मा या तिघांचा वाहक ‘इक्सोडिस स्कॅप्युलॅरिस’ हा एकच गोचीड, आणि तिघांनाही आसरा देणारा पांढऱ्या पायांचा उंदीरही एकच. त्या उंदराचे रक्त पिऊन वाढलेले, खसखशीच्या दाण्याएवढे पिल्लू माणसाला चावते तेव्हा बहुधा जाणवतही नाही. एवढे सगळे समोर असताना सहसंसर्गाची शंका आधीच यायला हवी होती, असे आज वाटते खरे. पण लाइमचे निदान झाले की तपास तिथेच थांबवण्याची सवय जुनी होती.

१९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लाइमच्या २४० रुग्णांपैकी २६ जणांना बबेसियाचाही संसर्ग आढळला, आणि अशा दुहेरी रुग्णांचा आजार अधिक तीव्र व लांबलेला होता. त्यात उपचाराचा पेच असा की डॉक्सीसायक्लिन हे प्रतिजैविक लाइम आणि अनाप्लाझ्मा या दोहोंवर चालते, तांबड्या पेशींत दडलेल्या बबेसियावर मात्र चालत नाही. म्हणूनच योग्य प्रतिजैविक सुरू करूनही ४८ तासांनंतर जोराचा ताप कायम राहिला किंवा प्लेटलेट्स विनाकारण घटल्या, तर बबेसिया दिसतो का हे पाहण्यासाठी रक्ताची काचपट्टी पुन्हा तपासली जाते.