क्षेमकुशल-विचारणा, चिनी

भेटीच्या प्रसंगी अथवा पत्राच्या आरंभी समोरच्या व्यक्तीची प्रकृती व हालहवाल विचारण्याची चिनी भाषेतील रीत आणि तीसाठी रूढ झालेली ठरीव वाक्ये. या विचारपुशीला सामान्यतः ‘वन-होव’ म्हणतात. भेटीच्या सुरुवातीला होणाऱ्या औपचारिक बोलण्याला ‘हान-श्वेन’ अशी वेगळी संज्ञा असून तिचा शब्दशः अर्थ ‘थंडी आणि ऊब’, म्हणजे हवापाण्याविषयीचे चार शब्द, असा आहे. परकीयांसाठीच्या पाठ्यपुस्तकांत आरंभीच येणारे ‘नी हाव मा?’ (तू बरा आहेस का?) हे वाक्य या रीतीचे प्रातिनिधिक रूप मानले जाते, तथापि उपलब्ध पुरावा पाहता चिनी परंपरेत ‘कसे काय’ असे विचारण्यापेक्षा ‘काही अनिष्ट तर घडले नाही ना’ असे विचारण्याची पद्धत अधिक जुनी आणि अधिक व्यापक दिसते. या नोंदीतील उच्चार, अन्यथा सांगितले नसेल तेथे, आधुनिक प्रमाण चिनीतील (फूथोंगह्वा) आहेत. प्राचीन काळी ते बरेच निराळे होते.

वरील विधानाला मुख्य आधार ‘वू यांग’ या अतिप्राचीन वाक्प्रयोगाचा आहे. त्यातील ‘वू’ म्हणजे ‘नाही’. ‘यांग’चा अर्थ मात्र वादग्रस्त आहे. हान काळाच्या अखेरीस, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात, इंग शाव या विद्वानाने लोकरूढींवरील आपल्या ग्रंथात असे नोंदविले की, यांग हा माणसाला चावणारा एक उपद्रवी कीटक होय. पुरातन लोक उघड्या रानात, गवतात झोपत आणि सकाळी एकमेकांना ‘यांग तर नाही ना?’ असे विचारीत. ही व्युत्पत्ती मनोरंजक असल्यामुळे पुढील अनेक टीकाकारांनी उचलली. तथापि ‘अर-या’ हा प्राचीन शब्दार्थसंग्रह आणि श्यू शन याचा ‘श्वो-वन’ हा कोश (उपसंहाराची तिथी सुमारे इ. स. १००) हे दोन्ही यांगचा अर्थ केवळ ‘चिंता’ असा देतात, आणि दोन्ही इंग शावच्या आधीचे आहेत. युद्धमान राज्यांच्या काळातील कथांच्या संग्रहात (संकलन इ. स. पू. पहिल्या शतकाच्या अखेरीचे) झाव राज्याची राजमाता छी राज्याच्या दूताला, त्याने आणलेले पत्र उघडण्यापूर्वीच, ‘पीकपाणी कुशल आहे ना? प्रजा कुशल आहे ना? राजा कुशल आहे ना?’ असे तीन प्रश्न करते आणि तिन्ही ठिकाणी ‘वू यांग’ हेच शब्द येतात. राजाचा क्रम शेवटी लावल्याबद्दल दूत नाराज होतो, तेव्हा पीक नसेल तर प्रजा कोठून आणि प्रजा नसेल तर राजा कोठून, असे ती उत्तर देते. पिकाच्या बाबतीत ‘माणसाला चावणारा कीटक’ हा अर्थ लागू पडणे अवघड आहे (कीड पिकालाही लागते हे खरे, पण इंग शावला तो कीटक अभिप्रेत नाही). त्यामुळे ‘चिंता, पीडा’ हा कोशकारांचा अर्थच ग्राह्य वाटतो.

याच प्रकारची दुसरी व्युत्पत्ती खुद्द श्यू शनने दिली आहे. ‘थ्वो’ या लिपिचिन्हाखाली तो म्हणतो की हा शब्द सापाचा वाचक असून, अतिप्राचीन काळी लोक गवताळ जागी राहत व सापांना भीत, म्हणून एकमेकांना ‘वू थ्वो?’ (साप नाही ना?) असे विचारीत. थ्वो हे चिन्ह मुळात सापाचे चित्र आहे याविषयी फारसा मतभेद नाही. वाद आहे तो विचारपुशीच्या अर्थाविषयी. हेच चिन्ह ‘इतर, अन्य’ या अर्थानेही वापरले जाई आणि ‘वू थ्वो’ म्हणजे ‘अन्य काही नाही’, पर्यायाने ‘काही विपरीत नाही’, असा सरळ अर्थ लागतो. शांग काळाच्या उत्तरार्धातील (सुमारे इ. स. पू. १२५०–१०४६) भविष्यकथनाच्या अस्थिलेखांत सापावर पाऊल पडल्याचे दर्शविणारे एक चिन्ह ‘अपाय’ या अर्थाने वारंवार येते. पूर्वीचे अभ्यासक ते थ्वो असे वाचीत. आधुनिक लिपितज्ज्ञ छ्यो शी-क्वे यांनी ते ‘हाय’ (इजा) या शब्दाचे जुने रूप असल्याचे प्रतिपादन केले व ते मत आज अधिक मान्य आहे. साप हे अपायाचे लिपीतील प्रतीक होते एवढेच या लेखांवरून म्हणता येते. सापाची चौकशी हा भेटीचा शिष्टाचार होता असे त्यांवरून सिद्ध होत नाही.

विचारणा अनिष्टाच्या अभावाची असो वा स्वास्थ्याची, प्रश्नाच्या शेवटी नकारवाचक शब्द ठेवण्याची रचना चिनीत दीर्घकाळ टिकून आहे. ‘ली-जी’ या विधिसंहितेत राजा वन युवराज असताना दिवसातून तीन वेळा पित्याच्या भेटीस जात असे व कोंबडा आरवताच दाराबाहेरील सेवकास ‘आज स्वस्थ आहेत की नाही, कसे आहेत?’ असे विचारीत असे, अशी कथा आहे. सेवकाने ‘आन’ (स्वस्थ) म्हणताच तो आनंदित होई. तेथे वाक्यात ‘फौ’ (की नाही) हा शब्द आहे. याच संहितेतील ‘सायंकाळी अंथरूण नीट करावे, सकाळी विचारपूस करावी’ हा पुत्रधर्माचा नियम पुढे म्हणीसारखा रूढ झाला. थांग काळात ‘वू’ हा शब्द वाक्याच्या शेवटी येऊन प्रश्न होऊ लागला. बाय ज्यु-ई (७७२–८४६) या कवीने मित्राला दिलेल्या ‘एक पेला घेणार की नाही?’ या निमंत्रणात तो आढळतो. आधुनिक ‘मा’ हा प्रश्नवाचक निपात याच ‘वू’पासून आला असावा, असे वांग ली व अन्य व्याकरणकारांचे मत आहे.

पत्रव्यवहारातील विचारपुशीचे पुरावे अधिक भरघोस आहेत. चौथ्या शतकातील सुलेखनकार वांग शी-जर याच्या एका प्रसिद्ध चिठ्ठीत बर्फ पडून लगेच आकाश निवळल्याचा आनंद आणि ‘आपण कुशल असाल असे वाटते’ हे शब्द आहेत. तिची थांगकालीन समजली जाणारी प्रत तैपेईच्या राष्ट्रीय राजप्रासाद संग्रहालयात आहे. दुनह्वांगच्या गुंफेत १९०० मध्ये सापडलेल्या हस्तलिखितांत ‘शू-ई’ नावाच्या पत्रलेखन-मार्गदर्शिका असून त्यांत नाते व दर्जा यांनुसार वाक्ये ठरवून दिली आहेत. वडीलधाऱ्यांना ‘आपल्या पूज्य देहाचे कसे आहे हे कळत नाही’ असे लिहावयाचे असे. ‘छी-जू’ (उठणेबसणे) हा शब्दही प्रकृतीच्या अर्थी याच मार्गदर्शिकांत सर्रास येतो.

बौद्ध ग्रंथांच्या भाषांतरांमुळे एक भारतीय सूत्रही चिनीत रुजले. संस्कृत सूत्रांमधील अल्पाबाधता, अल्पातङ्कता, लघूत्थानता, बल व सुखस्पर्शविहारता यांची पृच्छा ‘अल्प व्याधी, अल्प क्लेश’ या अर्थाच्या ‘शाव बिंग, शाव नाव’ अशा चिनी शब्दांत उतरली. कुमारजीवाने ४०६ मध्ये केलेल्या सद्धर्मपुण्डरीकाच्या भाषांतरात ती आहे. सातव्या शतकाच्या सहाव्या दशकात बोधगयेच्या महाबोधी विहारातील प्रज्ञादेवाने ह्युएनत्संगाला, त्याचा ‘मोक्षाचार्य’ असा उल्लेख करून, धाडलेल्या पत्राच्या चिनी पाठातही हेच शब्द आहेत. ह्युएनत्संगाने स्वतः भारतीयांच्या आदरदर्शनाचे नऊ प्रकार नोंदविले असून त्यांत पहिला प्रकार तोंडी विचारपुशीचा आहे. (सुमारे ६४१ मध्ये तो महाराष्ट्रातही येऊन गेला, तथापि ही नोंद भारताविषयीच्या सर्वसाधारण प्रकरणातील आहे.) ‘वन-श्युन’ हा चौकशीचा शब्द पुढे चिनी भिक्षूंमध्ये हात जोडून करावयाच्या अभिवादनाचेच नाव झाला.

‘जेवलात का?’ ही विचारणा (उत्तरेत ‘छर् ल मा?’, दक्षिणेतील कॅन्टनी बोलीत ‘सिक चो फान मेई?’, होक्क्येन बोलीत ‘च्या पा ब्वे?’) सर्वांत परिचित आहे. शेवटच्या दोन रूपांत ‘अद्याप नाही’ या अर्थाचा शब्द अखेरीस येतो, हे वर सांगितलेल्या रचनेशी जुळते. तिचा उगम दुष्काळात, विशेषतः १९५९–६१ च्या महादुष्काळात, शोधण्याचा प्रघात आहे. परंतु त्यापूर्वीच दक्षिण किनाऱ्यावरून मलाया, सिंगापूर व तैवान येथे गेलेल्यांच्या वंशजांमध्येही ती प्रचलित असल्याने हे मत मागे पडते. थाई, व्हिएतनामी व कोरियन भाषांत याच धर्तीचे प्रश्न आहेत आणि मराठी वाचकाला ‘झालं का जेवण?’ यात नवल वाटणार नाही. तेव्हा भुकेपेक्षा दिनक्रमातील सर्वपरिचित टप्प्याचा आधार घेऊन ओळख दाखविणे, म्हणजे ब्रॉनिस्लाव्ह मालिनोव्हस्की याने १९२३ मध्ये वर्णिलेला केवळ संपर्कासाठीचा संवाद, हा उलगडा पुरेसा वाटतो. ‘कुठे निघालात?’, ‘भाजी आणायला का?’, ‘सुटलं का काम?’ हे प्रश्नही त्याच जातीचे असून उत्तर डोळ्यांसमोर असतानाही ते विचारले जातात. प्रत्यक्षात जेवण झालेले नसले तरी, विचारणारा फार जवळचा नसेल तर, ‘जेवलो’ असेच सांगण्याची रीत आहे.

‘नी हाव’ हे आजचे सर्वसामान्य अभिवादन प्रश्न नव्हे. त्यातील दोन्ही शब्द तिसऱ्या सुराचे (सूर म्हणजे चिनीत शब्दाचा अर्थ ठरविणारा आवाजाचा चढउतार) असल्याने पहिला उच्चारताना दुसऱ्या सुरात जातो. आदरार्थी ‘निन’ वापरून ‘निन हाव’ होते. हे सर्वनाम मूळचे अनेकवचनी की ‘वडीलधारी मंडळी’ अशा पदबंधाचा संक्षेप, यावर एकमत नाही. १९८१ मध्ये सुरू झालेल्या ‘पाच आग्रह, चार सौंदर्ये’ या सरकारी मोहिमेत ‘निन हाव’सह, एकूण दहा लिपिचिन्हांत मावणारे सभ्य भाषेचे शब्द शहरांत प्रचारले गेले. ‘नी हाव मा?’ हा युरोपीय भाषांतील प्रश्नाचा अनुवाद असावा, अशी शंका काही अभ्यासक घेतात. परिचितांमध्ये तो बहुधा बऱ्याच दिवसांनी भेट झाल्यावर किंवा खरोखरच काळजी वाटत असताना येतो. एरवी ‘त्स्वे-जिन त्सन्म-यांग?’ (अलीकडे कसे काय?) असे विचारतात आणि ‘हाय शिंग’ (चालले आहे) किंवा ‘लाव यांग-त्स’ (नेहमीचेच) अशी उत्तरे मिळतात. पाठ्यपुस्तकांतले ‘मा-मा हू-हू’ (जेमतेम) हे उत्तर बोलण्यात त्या मानाने कमी ऐकू येते. ‘ब्ये लाय वू यांग’ (भेट झाल्यापासून कुशल ना?) हा जुना प्रयोग लेखी व किंचित नाटकी ढंगात शिल्लक आहे. हाँगकाँग व ग्वांगदोंगमध्ये सकाळच्या भेटीत प्रकृतीची चौकशी न करता ‘चोउ सान’ (सुप्रभात) एवढेच म्हणतात.