होम नाही, सप्तपदी नाही. मग लग्न लागले का?

भटजीशिवाय लागलेले लग्न कोर्टात टिकते का, हा महाराष्ट्रातला जुना वाद. सत्यशोधक समाजाने 25 डिसेंबर 1873 रोजी पुण्यात पहिले लग्न लावले. पुढे जुन्नरजवळच्या ओतूरला असेच लग्न लागले, तेव्हा ग्रामजोशी कोर्टात गेले. दावा दक्षिणेच्या हक्काचा होता. प्रकरण मुंबई हायकोर्टापर्यंत गेले आणि निकाल सत्यशोधकांच्या बाजूने लागला. तरी जोशी वतनाचे, म्हणजे ग्रामजोशांचे वंशपरंपरागत हक्क कायद्याने मोडायला 1926 उजाडले, त्यासाठी समाजसुधारक सी. के. बोले झटले.

1955 च्या हिंदू विवाह कायद्यानंतर भांडण दक्षिणेवरून थेट लग्नाच्या अस्तित्वावर आले. कलम 7 प्रमाणे वर किंवा वधू यांच्यापैकी एकाकडच्या रूढीनुसार विधी हवेत. वाचायला सरळ. त्याची धार 1965 च्या भाऊराव लोखंडे खटल्यात दिसली. पहिली बायको हयात असताना दुसरे लग्न केल्याबद्दल शिक्षा झाली होती. दुसरे लग्न गांधर्व पद्धतीचे, नवरा-नवरीच्या कपाळाला कपाळ लावून केलेले. होम-सप्तपदी वगळण्याची रूढी सिद्ध झालेली नाही, असे सुप्रीम कोर्टाने ठरवले. म्हणजे दुसरे लग्न कायद्याच्या लेखी लागलेच नाही, मग द्विविवाहाचा गुन्हा कुठला? आरोपी सुटला. तर्क चोख आहे, पण फावले ते विधीला फाटा देणाऱ्याचे. पहिल्या बायकोच्या हाती काय राहिले, हे निकालपत्रात शोधू नये.

1956 च्या धर्मांतरानंतर पेच आणखी वाढला. कायदा बौद्धांना, जैनांना, शिखांना ‘हिंदू’तच मोजतो. त्रिशरण-पंचशील म्हणून लावलेल्या लग्नात होम नसणारच, तो नाकारूनच तर धर्म बदललेला. आणि कायद्यातली ‘रूढी’ दीर्घकाळ, सातत्याने पाळलेली असावी लागते. धर्मांतर कालचे, रूढी मात्र जुनी दाखवा! पोटगी किंवा वारसा चुकवू पाहणाऱ्याला एवढा मुद्दा पुरतो.

तमिळनाडूने 1967 मध्ये कलम 7-अ घालून भटजीशिवायचे ‘स्वाभिमान विवाह’ वैध केले; हार किंवा अंगठी घातली, ताली (तिकडचे मंगळसूत्र) बांधली, तरी पुरे. महाराष्ट्राने तसे केले नाही. एप्रिल 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने पुन्हा बजावले, की विधीच झाले नसतील तर नोंदणीच्या दाखल्याने हिंदू विवाह उभा राहत नाही. विधी नको असलेल्यांना उरतो 1954 चा विशेष विवाह कायदा, तीस दिवसांच्या नोटिशीसकट.