बालशिक्षण संशोधन

बालशिक्षण संशोधन : जन्मापासून साधारण आठ वर्षांपर्यंतची मुले कशी शिकतात, खेळतात, बोलतात आणि त्यांना शिकवणारी माणसे काय करतात, याचा पद्धतशीर शोध. बालवाडी, अंगणवाडी, शिशुवर्ग, पाळणाघर आणि घर ही त्याची क्षेत्रे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने ३ ते ८ वर्षे हा एकच पायाभूत स्तर मानल्याने पहिली-दुसरीचे वर्गही आता त्याच्या कक्षेत येतात.

या विषयातली मेख अशी की, ज्याच्याविषयी जाणून घ्यायचे त्याला प्रश्नावली भरता येत नाही. चार वर्षांच्या मुलाला लिहिता येत नाही, आणि मोठ्या माणसाने काही विचारले की त्याला काय ऐकायचे आहे याचा अंदाज घेऊन ते उत्तर देऊन टाकते. त्यामुळे नवख्या संशोधकाला संख्याशास्त्राच्याही आधी बघायला शिकावे लागते.

बघण्याची ही परंपरा घरातून सुरू झाली. चार्ल्स डार्विनने १८३९ मध्ये जन्मलेल्या आपल्या थोरल्या मुलाच्या हालचाली, राग, भीती, हसणे यांची टिपणे ठेवली आणि ती १८७७ मध्ये प्रसिद्ध केली. स्विस मानसशास्त्रज्ञ झां प्याजेने आपल्या तीन मुलांच्या बारीक निरीक्षणांवर बालबुद्धीचा सिद्धांत उभारला. मारिया माँटेसोरी मूळच्या डॉक्टर; १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत ‘बालगृह’ ही बालशाळा उघडल्यावर शिक्षिकेने कमी बोलावे आणि जास्त पाहावे, असा त्यांचा आग्रह राहिला.

निरीक्षणाची नोंद हा प्रशिक्षणातला पहिला धडा, आणि बहुतेकांची पहिली वही तिथेच लाल होते. विद्यार्थी लिहितो : ‘मु. ७ हट्टी आहे, ठोकळे कुणाला देत नाही.’ हा निकाल झाला, नोंद नव्हे. तोच प्रसंग असा लिहिता येतो : ‘१०.१२ – मु. ७ ने सहा ठोकळे एकावर एक रचले. मु. ३ ने वरचा ठोकळा उचलला. मु. ७ म्हणाली, “माजं घर हाय.” ठोकळा परत मागितला नाही, डावा हात मनोऱ्याभोवती धरला. १०.१४ – सगळ्यांत खालचा ठोकळा ओढून मु. ३ ला दिला. मनोरा पडला. दोघी हसल्या.’ दुसऱ्या नोंदीत हट्ट कुठेच उरत नाही. मुलीचे बोल तिच्याच बोलीत आहेत, वेळ आहे आणि नावाऐवजी खूण आहे. ‘मला वाटते’ हा मजकूर वहीच्या दुसऱ्या रकान्यात जातो. पुढच्या टप्प्यावर एकाच दहा मिनिटांच्या चित्रफितीवर दोघांनी स्वतंत्रपणे नोंदी करायच्या आणि किती जुळल्या ते तपासायचे. पहिल्या खेपेला त्या फारशा जुळत नाहीत, आणि खरा धडा तिथेच मिळतो.

विचारणे हे पाहण्याहून अवघड. प्याजेच्या प्रसिद्ध प्रयोगात सारख्याच संख्येच्या वस्तूंच्या दोन रांगा मांडून ‘कुठे जास्त?’ असे विचारतात; मग संशोधक एक रांग लांबवतो आणि ‘आता कुठे जास्त?’ असे पुन्हा विचारतो. लहान मुले लांब रांग दाखवतात. १९७० च्या दशकात जेम्स मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी रांग विस्कटण्याचे काम एका खोडकर खेळण्यातल्या अस्वलाकडे दिले, तेव्हा कितीतरी अधिक मुलांनी बरोबर उत्तर दिले. मोठ्या माणसाने मुद्दाम काही बदलून तोच प्रश्न पुन्हा विचारला, म्हणजे आपले आधीचे उत्तर चुकले असणार, असा हिशेब मूल करते. चाचणीत नापास कोण झाले, मूल की प्रश्न, ही शंका या क्षेत्रात कायम बाळगावी लागते. महाराष्ट्रात तर ती दुप्पट हवी. घरी वारली, कोरकू किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीतून रंग विचारले, तर रंगांचे ज्ञान मोजले की भाषेचे, हे सांगता येत नाही.

या भूमीत संशोधनाचा एक वेगळा नमुनाही घडला. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केले. तिथे काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र उभारले; अनुताई वाघ त्यांच्या सहकारी. काम पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी पाड्यावरची मुले बालवाडीत येत नव्हती. लहान भावंड सांभाळणे आणि गुरे राखणे ही कामे त्यांच्या गळ्यात होती. मग शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली, गुराख्यांसाठी कुरणात भरवली, भावंडांसाठी पाळणाघर जोडले. महागड्या साधनांच्या जागी बिया, शंख-शिंपले, पाने आली. अडचण पाहायची, उपाय करायचा, पुन्हा पाहायचे, या रीतीला मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेव्हिनने १९४० च्या दशकात ‘क्रियासंशोधन’ हे नाव दिले. कोसबाडला नाव नसतानाही काम चालू होते. आजच्या प्रबंधांतली पुष्कळ क्रियासंशोधने मात्र उपाय आधी ठरवून अडचण नंतर शोधतात.

मोठ्या संख्येचे अभ्यास वेगळी शिस्त मागतात. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातील पेरी बालशाळेच्या अभ्यासात अवघी १२३ मुले होती : ५८ शाळेत घेतलेली, ६५ न घेतलेली. १९६० च्या दशकात सुरू झालेला हा पाठपुरावा ती मुले चाळिशी ओलांडेपर्यंत चालला, आणि बालशिक्षणावरचा खर्च फिटतो या युक्तिवादाचा तो मोठा आधार ठरला. एका गावातल्या शंभरेक मुलांवरून जगभरच्या धोरणांना किती बळ द्यावे, हा प्रश्न मात्र विद्यार्थ्याने विचारायलाच हवा. भारतात बाळांचा विकास मोजण्यासाठी बडोद्यात प्रमिला फाटक यांनी १९७० मध्ये मापनश्रेणी तयार केली. परदेशी मोजपट्टी तशीच न लावता इथल्या बाळांवरून प्रमाणके (कोणत्या वयात बाळ काय करते याचे मापदंड) काढली, हे तिचे मोल.

प्रत्यक्ष अंगणवाडीत गेल्यावर काही गोष्टी पुस्तकाबाहेर शिकाव्या लागतात. पाहुणे आले की बडबडगीते सुरू होतात. सेविकाताईंना ही तपासणी वाटते. म्हणून पहिले काही दिवस काहीच नोंदवायचे नसते. कोपऱ्यात जमिनीवर बसायचे, मुलांनी पेन मागितले तर द्यायचे, खिचडीच्या वेळी मध्ये यायचे नाही. पालकांची संमती लेखी घेतात, वाचता न येणाऱ्यांना मजकूर वाचून दाखवतात. मुलाची संमती कागदावर नसते. मूल पाठ फिरवून निघून गेले, तर त्या दिवसापुरते ते ‘नाही’ म्हणाले असे धरतात आणि रकाना रिकामा सोडतात.