‘बहुतेक जण’ आणि ‘बहुतेक मी’: शक्यतेचे दोन अर्थ

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना डॉक्टरांनी गुडघा बदलायला सांगितला. दवाखान्यातून त्या रिक्षाने थेट माझ्याकडेच आल्या. मी ज्युनियर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या इमारतीत आकड्यांची सगळी प्रकरणं माझ्याकडे येतात. काकू बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, “डॉक्टर सांगतात, शंभरातल्या पंच्याण्णव जणांना काही त्रास होत नाही. अगं, पण मी त्या पंच्याण्णवातली की पाचातली?”

मला पटकन उत्तर देता आलं नाही. डॉक्टरांचं वाक्य शंभर जणांबद्दल होतं आणि काकूंना हवं होतं ते एका माणसाबद्दलचं. शक्यता या शब्दाचे दोन अर्थ एकमेकांना जिथे चिकटलेले असतात, नेमकं तिथेच त्यांनी बोट ठेवलं होतं.

मराठीत हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदतात. ‘बहुतेक मुलं वेळेवर आली’ ही मोजणी आहे. साठातली पन्नास आली असतील. ‘बहुतेक तो आज येणार नाही’ यात मात्र मोजायला काही नाही, तो एकटाच आहे. तिथे मी माझी खात्री किती ते सांगते आहे. शब्द दोन्हीकडे ‘बहुतेक’च. बोलताना आपली गल्लत होत नाही, कारण पुढचंमागचं बोलणं सांभाळून घेतं. आकडा आला की ते आजूबाजूचं सगळं गळून पडतं, नुसतं ‘95 टक्के’ उरतं, आणि ते कशाबद्दल आहे हे विचारायचं राहून जातं. या लेखापुरती मी पहिलीला मोजणीची शक्यता म्हणेन आणि दुसरीला खात्रीची.

शाळेत आपल्याला यातलं काही सांगत नाहीत. दहावीच्या बीजगणितात ‘संभाव्यता’ हे पाचवं प्रकरण आहे. फासा टाका, नाणं उडवा, नमुना अवकाश (म्हणजे शक्य असलेल्या सगळ्या निकालांची यादी) लिहा, भागाकार करा. सगळे निकाल समसंभाव्य, म्हणजे सारख्याच शक्यतेचे, असतील तोवर हे चोख चालतं, पण रोजच्या जगण्यात अशा जागा थोड्या. आपल्याकडची सर्वांत ओळखीची म्हणजे घरांची सोडत.

समजा सिडकोच्या सोडतीत एका गटात 50 घरं आहेत आणि 2,000 अर्ज आले आहेत. सोडतीआधी विचारलं तर उत्तर सरळ आहे: 2,000 पैकी 50, म्हणजे 2.5 टक्के. आता सोडत सकाळी निघाली, यादी लागली, पण तुम्ही ऑफिसात अडकलात आणि यादी पाहिलीच नाहीत. दुपारी तीन वाजता तुम्हाला घर लागण्याची शक्यता किती? मोजणीच्या बाजूचा माणूस म्हणेल, आता शक्यता कसली, नाव यादीत आहे किंवा नाही. खात्रीच्या बाजूचा म्हणेल, तुम्हाला कळलेलं नाही तोवर तुमच्यासाठी ती 2.5 टक्केच, आणि यादी पाहून बसलेल्या तुमच्या शेजाऱ्यासाठी शून्य किंवा शंभर. एकच अर्ज, एकच दुपार आणि दोन माणसांचे दोन आकडे. मोजणीच्या अर्थाने हे बोलणंच चुकीचं, खात्रीच्या अर्थाने अगदी साधं.

हे दोन पक्ष खरोखरच आहेत आणि त्यांचं भांडण जुनं आहे. इंग्लंडच्या जॉन व्हेन यांनी (वर्तुळांच्या आकृत्यांमुळे आपल्याला माहीत असलेले) 1866 साली मांडलं की शक्यता म्हणजे लांबलचक मालिकेतलं प्रमाण, एकट्या घटनेला ती लावता येत नाही. 1926 मध्ये इंग्लंडच्याच फ्रँक रॅमसे यांनी आणि थोड्याच वर्षांनी इटलीच्या ब्रुनो द फिनेती यांनी उलट बाजू घेतली: शक्यता म्हणजे माणसाचा विश्वास, आणि तो मोजायचा असेल तर किती रुपयांची पैज लावशील ते विचारा. यात मनमानी नाही. विश्वासाचे आकडे शक्यतेच्या नियमांत बसत नसतील, तर निकाल काहीही लागो, समोरचा तुमच्याशी असे सौदे करू शकतो की तोटा तुमचाच होईल. 1933 मध्ये रशियन गणिती आंद्रेई कोल्मोगोरोव्ह यांनी या नियमांना पक्का गणिती पाया दिला, पण आकड्याचा अर्थ काय, यावर त्या नियमांत एक शब्द नाही. दोन्ही पक्ष तीच बेरीज-गुणाकार वापरतात, म्हणून एका अर्थाचा आकडा दुसऱ्या अर्थाच्या खिशात कधी गेला हे गणिताला कळत नाही. ते आपल्यालाच पाहावं लागतं.

विम्याला मोजणी पुरते. एडमंड हॅली यांनी 1693 साली ब्रेस्लाऊ शहरातल्या जन्म-मृत्यूंच्या नोंदींवरून कोणत्या वयाचे किती जण पुढचं वर्ष पाहतात याचा तक्ता बनवला, आणि आजचा हप्ताही अशाच तक्त्यावर ठरतो. यंदा कोण जाणार हे कंपनीला कळायची गरजच नाही, किती जाणार एवढं कळलं की तिचं भागतं. काकूंचं तसं नाही. त्यांना गुडघा एकदाच बदलायचा आहे आणि शंभरांच्या सरासरीत त्या राहायला जाणार नाहीत.

मग डॉक्टरांचा आकडा काकूंच्या कामाचा नाही का? आहे, पण आधी ‘कशांपैकी?’ हे विचारायला हवं. ते शंभर जण कोण होते? त्यांत पन्नाशीतले किती, सत्तरीतले किती? काकू 68 वर्षांच्या आहेत आणि त्यांना 15 वर्षांपासून मधुमेह आहे. सगळे रुग्ण धरले तर एक आकडा येतो, नुसत्या बायका धरल्या तर दुसरा, मधुमेह असलेल्या बायका धरल्या तर तिसरा. गट जितका काकूंच्या जवळ न्यावा तितकी त्यातली माणसं कमी होत जातात, आणि अगदी काकूंसारखाच गट शोधला तर त्यात काकू एकट्याच उरतात. मोजणीचा रस्ता तिथे संपतो. तिथून पुढे मोजलेल्या आकड्यात या माणसाबद्दलची माहिती मिसळून खात्री बनवावी लागते, आणि चांगला डॉक्टर मनातल्या मनात तेच करत असतो.

हे मिसळायचं कसं, याची रीत थॉमस बेझ यांच्या मृत्यूनंतर, 1763 साली छापून आली. लॅबच्या रिपोर्टवर ती नीट दिसते. समजा 1,000 जणांची तपासणी केली आणि त्यांतल्या 10 जणांना खरोखर आजार आहे. टेस्ट आजारी माणसांतल्या 90 टक्क्यांना पकडते, म्हणजे 10 पैकी 9. निरोगी माणसांतल्या 5 टक्क्यांनाही ती चुकून पॉझिटिव्ह दाखवते. 990 चे 5 टक्के म्हणजे जवळजवळ 50. एकूण पॉझिटिव्ह झाले 59, त्यांतले खरे आजारी 9. म्हणजे रिपोर्ट पॉझिटिव्ह आलेल्या माणसाला आजार असण्याची शक्यता साधारण 15 टक्के. ‘टेस्ट 90 टक्के आजार पकडते’ ही टेस्टबद्दलची मोजणी आहे, ‘मला आजार असण्याची शक्यता 90 टक्के’ ही माझ्याबद्दलची खात्री आहे, आणि या दोन वाक्यांची अदलाबदल घराघरांत होते. गेल्या काही वर्षांत आपण सगळ्यांनीच मोबाईलवर रिपोर्ट उघडून रात्र जागून काढली आहे. त्या रात्री हे गणित हाताशी असतं तर, असं मला अजून वाटतं.

अशीच अदलाबदल होण्यासारख्या एका खटल्यात एक आई तुरुंगात गेली. इंग्लंडमधल्या सॅली क्लार्क यांची दोन तान्ही मुलं 1996 आणि 1998 मध्ये अचानक दगावली. 1999 च्या खटल्यात एका बालरोगतज्ज्ञाने सांगितलं की त्यांच्यासारख्या घरात एका बाळाचा असा मृत्यू 8,543 त एकदा होतो, म्हणून दोघांचा 7 कोटी 30 लाखांत एकदा. एक तर हा गुणाकारच चूक, कारण सख्ख्या भावंडांचे मृत्यू एकमेकांपासून स्वतंत्र धरता येत नाहीत. त्याहून मोठी चूक ऐकणाऱ्यांच्या मनात होण्यासारखी होती: ‘असे मृत्यू 7 कोटींत एकदा’ हे वाक्य ‘ही बाई निर्दोष असण्याची शक्यता 7 कोटींत एक’ असं ऐकू येतं. आईने दोन बाळांना मारणं हेही अत्यंत दुर्मीळ असतं. दोन दुर्मीळ गोष्टी एकमेकींशी ताडून पाहायला हव्या होत्या. रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने 2001 मध्ये जाहीर हरकत घेतली, 2003 मध्ये शिक्षा रद्द झाली. 2007 मध्ये त्या गेल्या. वर्गात हे प्रकरण शिकवताना दरवर्षी माझा आवाज बदलतो.

आपला कायदा मात्र शक्यता कोणत्या अर्थाने घ्यायची याबाबत स्पष्ट आहे. 1872 च्या भारतीय पुरावा कायद्यात ‘सिद्ध’ची व्याख्या अशी की न्यायालयाला ती गोष्ट आहे असं वाटतं, किंवा ती इतकी संभाव्य वाटते की त्या खटल्याच्या परिस्थितीत शहाण्या माणसाने ती आहे असं धरून चालावं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती टिकली. आमच्या ठाण्यातल्या कोर्ट नाक्यावर कुठल्याही न्यायालयात जाऊन बसा, तिथे अशा शंभर आरोपींतले किती दोषी असतात हे कुणी विचारत नाही. या एका माणसाबद्दल, समोर आलेल्या पुराव्यावर, खात्री किती, एवढंच.

आणि पाऊस. जून ते सप्टेंबर आपल्या सगळ्यांच्या फोनवर संदेश येतो: ‘ठाणे जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मुसळधार पावसाची शक्यता.’ एका ओळीत दोन वेगळ्या गोष्टी शेजारी बसल्या आहेत. हवामान खात्याच्या भाषेत ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातल्या पर्जन्यमापक केंद्रांपैकी जास्तीत जास्त 25 टक्के ठिकाणी. पुढे ‘काही ठिकाणी’, ‘बऱ्याच ठिकाणी’ करत 75 च्या वर गेलं की ‘बहुतांश ठिकाणी’. ही सगळी मोजणी, जागांची. ‘शक्यता’ हा भाग खात्रीचा. त्यामुळे तुरळक ठिकाणी पडेल अशी खात्याची अगदी घट्ट खात्री असू शकते. बेलापूरला पाणी तुंबलं आणि नौपाड्यात कपडे वाळले, तरी अंदाज बरोबरच ठरलेला असतो. ‘हवामानवाले काहीही सांगतात’ हे वाक्य मी गॅलरीत दर पावसाळ्यात ऐकते आणि दर वेळी मला वाईट वाटतं. रंगांचंही तसंच. पिवळा, नारिंगी, लाल हे नुसत्या खात्रीचे रंग नाहीत. होईल का आणि झालं तर किती नुकसान, या दोन्हींवरून ते ठरतात.

एका दिवसाच्या अंदाजाला बरोबर-चूक ठरवायचं तरी कसं? 70 टक्के सांगितलं आणि पाऊस नाही पडला, तर 30 टक्के होतेच की. यावर उपाय म्हणजे ज्या ज्या दिवशी 70 टक्के सांगितलं होतं ते सगळे दिवस एकत्र काढायचे. त्यांतल्या साधारण 70 टक्के दिवशी पाऊस पडला असेल तर सांगणारा भरवशाचा. ग्लेन ब्रायर या अमेरिकी हवामानशास्त्रज्ञाने 1950 मध्ये असे अंदाज तपासायला गुण द्यायची पद्धत काढली, ती आजही वापरतात. मला या विषयातलं सर्वांत सुंदर वाटतं ते हेच: खात्रीची शक्यता एकेकट्या दिवसाची असते, पण तिचा खरेपणा शेवटी मोजणीनेच तपासला जातो.

पुराच्या ‘शंभर वर्षांतून एकदा’चं थोडक्यात सांगते. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतर ‘आता शंभर वर्षं निवांत’ असं कित्येकांनी म्हटलं. शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर म्हणजे दरवर्षी 1 टक्का, मागच्या वर्षी येऊन गेला असला तरी. 30 वर्षांचं गृहकर्ज फेडेपर्यंत तो एकदा तरी गाठण्याची शक्यता 26 टक्के होते, आणि हेही पावसाचं मान पूर्वीसारखंच राहिलं असं धरून.

एका ठिकाणी मात्र माहिती वाढवून काहीच हाती लागत नाही. थायरॉइडच्या उपचारात वापरतात त्या आयोडीन-131 चे निम्मे अणू सुमारे 8 दिवसांत विघटित होतात. कोणते निम्मे, हे सांगता येत नाही. एका अणूचं वय, इतिहास, काहीही विचारलं तरी आकडा हलत नाही. काकूंचा आकडा मात्र हलतो.

तोच हलवायचा होता. डॉक्टरांकडे दुसऱ्यांदा जाताना आम्ही कागदावर दोन प्रश्न लिहिले: ते शंभर जण कोण? माझं वय आणि माझी शुगर धरली तर आकडा किती बदलतो? डॉक्टरांनी कागद वाचला आणि खुर्ची पुढे ओढली. ते शंभर म्हणजे त्यांचे सगळेच रुग्ण होते. काकूंची तीन महिन्यांची सरासरी शुगर फार वर होती आणि अशा रुग्णांत जखमेला जंतुसंसर्ग होण्याचा धोका जास्त असतो, म्हणून त्यांनी आधी ती खाली आणा, मग तारीख ठरवू, असं सांगितलं.

गणपतीत काकूंनी एकच मोदक खाल्ला. त्यानंतर पुन्हा रक्त तपासलं. तो रिपोर्ट घेऊन या वेळी त्या माझ्याकडे आल्या नाहीत, परस्पर डॉक्टरांकडे गेल्या. संध्याकाळी खाली लिफ्टपाशी भेटल्या तेव्हा पिशवीतला लिफाफा दाखवत म्हणाल्या, “आता ते शंभर जण बदलले गं.”